शेवटची पंगत

कराडच्या आमच्या घरी रात्रीची जेवणं तीन पंगतींत व्हायची. आधी पोरं, मग दुकान बंद करून आलेले आप्पा आणि दादा, आणि सगळ्यांचं आटोपलं की आई आणि वहिनी. किराणा दुकानाचं शटर साडेनऊच्या आधी कधी खाली येत नाही. मग गल्ल्याचा हिशेब, घरी येऊन हातपाय धुणं, थोड्या गप्पा. आईच्या ताटात पहिली भाकरी पडेपर्यंत साडेदहा सहज वाजायचे. त्या ताटात तिची भूक किती यापेक्षा पातेल्यात उरलंय काय, हे आधी बघितलं जायचं. मूठभर भात, आमटीचा तळ, नातवानं अर्धी टाकलेली चपाती. 'टाकायचं कशाला' म्हणत ते सगळं तिच्याच पोटात जायचं. पुढे ओटा आवरणं, भांडी विसळून ठेवणं, आणि शेवटी वाकून स्वयंपाकघराची फरशी पुसणं. सकाळी पाचला पाणी येतं, म्हणून अकरा-सव्वाअकराला ती अंथरुणाला पाठ टेकायची.

जळजळ सुरू व्हायची ती त्यानंतर. पोटाच्या खळगीपासून गळ्यापर्यंत हात फिरवत ती म्हणायची, "इथनं इथपर्यंत जळतंय बघ." आंबट पाणी घशाशी यायचं, करपट ढेकर यायचे, पहाटे तोंड कडू असायचं आणि कोरडा खोकला पाठ सोडायचा नाही. कधी जळजळ नसायची, नुसतं छातीत भरून आल्यासारखं, काहीतरी अडकून बसल्यासारखं वाटायचं. ती उठून उशीला टेकून बसायची, कुणाला जाग येऊ नये म्हणून दिवासुद्धा लावायची नाही. घरचंच दुकान असल्यामुळे दोरीला लटकणारी ईनोची पुडी तोडून आणणं हे तिच्या हातचंच होतं. ओवा-सैंधव, थंड दूध, जिऱ्याचं पाणी, मोरावळा हे सगळं पाळीपाळीनं झालं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि घरात त्याला आजार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. ॲसिडिटी काय, सगळ्यांनाच असते.

मग एका रात्री तिला दरदरून घाम फुटला.

इथे थोडं थांबून हृदयाचं लिहिते, कारण क्रम तसाच असायला हवा. छातीत काही वेगळं वाटलं की आधी हृदय तपासायचं आणि मग पोट. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं. 'गॅस झालाय' म्हणून ओवा चावण्यात आणि पाठीला बाम चोळण्यात घालवलेले दोन तास कितीतरी घरांना फार महाग पडले आहेत. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर, टेकलेला असतो आणि श्वासपटलाच्या लगेच खाली जठर. दोन्हीकडून वेदना वाहून आणणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळपास एकाच पट्ट्यात शिरतात, त्यामुळे दुखणं नक्की कुठलं हे मेंदूला ओळखता येईलच असं नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेला झटका मळमळ, उलटी आणि पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं एवढ्याच रूपात येऊ शकतो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कळ न येताही येतो. नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं.

जेवणानंतर दुखतं म्हणजे ते पोटाचंच, हा समजही मनातून काढून टाकायला हवा. भरपेट जेवणानंतर हृदयाला जास्त काम पडतं आणि रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर त्या वेळी छाती भरून येऊ शकते. अँटासिड, म्हणजे आम्ल मारणारं औषध, घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठणठणीत आहे, असंही ठरत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतर ठिकाणी ५९च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हे संकट लवकर येतं. घाम, दम, जबड्यात, खांद्यात किंवा हातात पसरणारं दुखणं, चालल्यावर वाढणारं आणि थांबल्यावर ओसरणारं दडपण, यातलं काही असेल तर पुडी शोधत बसू नये. १०८ला फोन करावा, नाहीतर जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजीचं यंत्र आहे तिथं तडक जावं. पहिला ईसीजी साधा आला तरी शंका राहिली तर डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतात. हे करून घ्यावं. घरी परत येऊन 'उगाच खर्च झाला' म्हणायची वेळ आली तर त्यासारखं भाग्य नाही.

आईचं ते भाग्य होतं. ईसीजी दोनदा काढला, रक्त तपासलं, पुढच्या आठवड्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ट्रेडमिलची चाचणी झाली. हृदय उत्तम. त्यानंतर आम्ही ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारले. "रात्री किती वाजता जेवता?" आई म्हणाली, साडेदहा. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि कितव्या पंगतीला?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. तिला तो प्रश्न आधी कळलाच नाही. मग ती अगदी सहज बोलून गेली, "शेवटच्याच की. बाईमाणूस अजून कधी जेवणार?"

त्या भेटीत मी वहीत बरंच उतरवून घेतलं आणि नंतर पुष्कळ वाचलं. त्यातलं जे मला समजलं ते असं. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. श्वासपटलातल्या एका फटीतून ती खाली उतरते आणि जठराला मिळते. त्या जोडावर तीन-चार सेंटिमीटरचा एक गोल स्नायू असतो आणि बाहेरून श्वासपटलाचे तंतू त्याला आवळून धरतात. घास आला की त्यानं उघडायचं, एरवी मिटून राहायचं. जठरातलं आम्ल चांगलंच जहाल, पीएच एक ते दोनच्या दरम्यान (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). जठराच्या आतल्या भिंतीवर त्यापासून वाचवणारा बुळबुळीत थर असतो. अन्ननलिकेला तसलं काही कवच नाही. जेवणानं जठर ताणलं गेलं की तो गोल स्नायू घास नसतानाही मधूनमधून काही सेकंद सैल पडतो. हे सगळ्यांचंच होतं, ढेकर येतो तो याच वाटेनं. त्रास होणाऱ्यांच्या बाबतीत त्या सेकंदांत हवेबरोबर आम्लही वर चढतं. कुणाचा जठराचा वरचा भागच त्या फटीतून छातीकडे सरकलेला असतो, त्याला हायेटस हर्निया म्हणतात. तो असेल तर आम्लाला वाट आणखी सोपी होते. तेलकट-तुपकट जेवण जठरात जास्त वेळ राहतं आणि स्नायूलाही सैल करतं. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिनही तेच करतं.

पण मला एक कोडं सुटत नव्हतं. अन्न पोटात गेलं की ते आम्लाला पातळ करतं, त्याची आंबट धार कमी करतं. मग जळजळ जेवणानंतरच का? याचं उत्तर ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ साली दिलं. जेवणानंतर जठरात नव्यानं पाझरणारं आम्ल अन्नात सगळं मिसळत नाही. मिसळीवर तर्री तरंगावी तसा त्याचा एक थर अन्नाच्या वर, नेमका अन्ननलिकेच्या तोंडाशी साठून राहतो. खाली अन्नानं सौम्य झालेलं मिश्रण असतं आणि वर हे निखळ आम्ल. स्नायू सैल पडला की सगळ्यात आधी तेच वर येतं. माणूस बसलेला, उभा किंवा चालत असेल तर स्वतःच्या वजनानं ते लवकर खाली उतरतं. वाकला किंवा आडवा झाला की त्याला अडवणारं काही राहत नाही.

हे वाचताना मला आमची स्वयंपाकघरातली फरशी दिसत होती. जेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच आई कमरेत वाकून, पोट मांड्यांवर दाबून ती फरशी पुसत होती. परकराची नाडी कमरेला करकचून आवळलेली, हाताशी ओलं फडकं. आणि त्यानंतर लगेच आडवी. झोपेत लाळ जवळपास सुटत नाही आणि आपण गिळतोही क्वचितच. दिवसा वर आलेलं आम्ल लाळेच्या प्रत्येक घोटाबरोबर धुऊन निघतं, लाळेतला क्षार त्याला मारतो. रात्री चढलेलं आम्ल तिथंच रेंगाळतं. म्हणून रात्रीचा त्रास दिवसाच्या त्रासापेक्षा अन्ननलिकेला जास्त इजा करतो. आईला त्रास देईल अशी प्रत्येक गोष्ट तिच्या रात्रीच्या त्या पाऊण तासात ओळीनं मांडून ठेवलेली होती, आणि ती तिथं आमच्या घराच्या रीतीनं मांडली होती. तिच्या तिखट खाण्याला मात्र आम्ही सगळे इतकी वर्षं दोष देत आलो होतो.

डॉक्टरबाईंनी एंडोस्कोपी सुचवली, कारण वय साठीच्या पुढचं आणि त्रास जुना. सकाळी उपाशी पोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवतात, दातांत एक कडी देतात आणि बोटाएवढी नळी खाली जाते. दहा मिनिटांच्या आत आई बाहेर आली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लहान लहान चरे होते, त्यापेक्षा वाईट काही नव्हतं. घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना घसरलं, तर ही तपासणी वय न बघता लगेच करायची, हे त्यांनी आम्हाला निक्षून सांगितलं. जळजळ खूप असूनही नळीतून काहीच न दिसणारेही पुष्कळ लोक असतात. त्यांचं दुखणं खोटं नसतं. काहींच्या अन्ननलिकेला थोडंसं आम्लही फार जाणवतं.

मग गोळी. पँटोप्राझोल ४०, सकाळी उपाशी पोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, आठ आठवडे. ही गोळी कशी घ्यायची हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतं. कुणी जेवल्यावर घेतं, कुणी जळजळ सुरू झाली की घेतं, कुणी रात्री झोपताना. जठराच्या भिंतीतल्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ते अन्न आलं की कामाला लागतात आणि गोळी फक्त चालू पंपांनाच बंद पाडू शकते. गोळीचं औषध रक्तात टिकतं जेमतेम दोनेक तास. म्हणजे अन्न जठरात येईल तेव्हा औषध तिथं आधीच हजर हवं. पहिल्याच दिवशी सगळे पंप सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस जातात. दुसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे इथंच चुकतात.

या औषधांमागचं काम मोठं आहे. एकेकाळी अल्सरच्या रोग्यावर जठराकडे जाणारी नस कापण्याची शस्त्रक्रिया व्हायची. स्कॉटिश संशोधक जेम्स ब्लॅक यांच्या कामातून निघालेलं सिमेटिडिन १९७६ साली ब्रिटनमध्ये आलं आणि आम्ल औषधानं कमी करता येऊ लागलं. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं, पंपच बंद करणारं पहिलं औषध. पँटोप्राझोल त्याच घराण्यातलं. मधल्या काळातली रॅनिटिडिन आपल्या घराघरांत होती, आमच्याही डब्यात तिची एक जुनी पट्टी सापडली. तिच्यात एनडीएमए नावाचं, कर्करोगाची शंका असलेलं रसायन आढळल्यानं २०२० साली अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीवरचं औषध मिसळलेल्या गोळ्याही लोक नाव सांगून दुकानातून सर्रास आणतात. त्या औषधानं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून युरोपात २०१४ साली त्याच्या वापरावर कडक बंधनं आली. डॉक्टरांनी दिली तर घ्यावी. शेजारणीनं सांगितली म्हणून घेऊ नये.

डॉक्टरबाईंचं एक वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "या गोळीनं पाणी वर यायचं थांबत नाही. वर येणारं पाणी कमी आंबट होतं, इतकंच." म्हणजे चरे भरून येतील, जळजळ शमेल, पण उलटं वाहणं चालूच राहील. ते थांबवायचं काम घड्याळाचं आणि खाटेचं.

घरगुती उपायांचंही त्यांनी एकेक करून सांगितलं आणि आईचा कुठंही अवमान होऊ दिला नाही. थंड दुधानं आधी बरं वाटतं ते खरंच, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळानं जठराला आणखी आम्ल पाझरायला लावतात. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली अल्सरसाठी तासातासाला दूध-साय देण्याची पद्धत आणली होती, ती कित्येक दशकं जगभर चालली आणि मग मागे पडली. खाण्याच्या सोड्याची पुडी आम्ल तत्काळ मारते. पण तिच्यात सोडियम भरपूर, आणि आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय तयार होणाऱ्या वायूनं पोट फुगतं ते निराळंच. पुदिन्यानं तोंड थंड होतं, पण तो स्नायूला सैल करतो. जिऱ्याच्या पाण्याला त्यांनी हरकत घेतली नाही. आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत, त्यांनी माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं अम्लपित्ताचं वर्णन मला वाचून दाखवलं. कडू-आंबट ढेकर, छातीत आणि गळ्यात दाह, अन्नावरची वासना उडणं. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या आईसारख्याच रोग्याजवळ बसून हे नीट ऐकून घेतलं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

आणि मग खरी अडचण आली. झोपायच्या आधी तीन तास जेवण व्हायला हवं. आईला अकराला झोपायचं असेल तर तिनं आठला जेवायला हवं. आठ वाजता आप्पा आणि दादा दुकानात असतात. याचा अर्थ सरळ होता, आईनं आप्पांच्या आधी जेवायचं.

गोळीला ती लगेच तयार झाली, नळी घालून घ्यायलाही तयार झाली, याला मात्र नाही. "ते दिवसभर उभं राहून येणार आणि मी आधी जेवून बसू? घास उतरेल का माझ्या नरड्याखाली?" तिच्या या बोलण्यात नुसता धाक किंवा सवय आहे असं म्हणून मला ते उडवून लावता येत नाही. त्यात माया आहे. पन्नास वर्षं तिनं ज्या रीतीनं माणसं सांभाळली ती रीत आहे. सगळे जेवले की तिला खात्री होते की आज घरात कुणी उपाशी नाही, आणि त्या खात्रीनंतरच तिला भूक लागते. पण त्याच मायेनं तिची अन्ननलिका आतून सोलली गेली होती, हेही तितकंच खरं. तिच्यावर प्रेम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते दिसायला हवं होतं. मराठी घरांमधल्या किती बायका शेवटच्या पंगतीला बसतात, उरलेलं संपवतात, लगेच आडव्या होतात आणि सकाळी औषधाच्या दुकानातून पट्टी मागवतात, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. या आजाराच्या माहितीपत्रकात 'रात्रीचं जेवण लवकर घ्या' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ पाळायला एका बाईला कुणाकुणाची परवानगी लागते, हे त्यात कुठं लिहिणार?

आमच्याकडे तो पेच आप्पांनी सोडवला. एका रविवारी सगळे घरी असताना ते म्हणाले, "तू आठला जेवायचंस. मी काय कुक्कुलं बाळ आहे का वाढून घ्यायला?" आई गप्प बसली. मग वहिनी, जी अशा वेळी कधी तोंड उघडत नाही, ती ओट्याकडे बघत म्हणाली, "मलाही हल्ली रात्री करपट ढेकर येतात." दादानं चमकून तिच्याकडे बघितलं. त्याला हे माहीत नव्हतं. वहिनी अजून चाळिशीची झालेली नाही.

आता आई, वहिनी आणि पोरं आठच्या आत-बाहेर एकत्र जेवतात. आमटी-भाजी झाकून ठेवलेली असते, भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. आप्पा आणि दादा दहाला येऊन स्वतः गरम करून घेतात आणि आपापली ताटं घासून ठेवतात. उरलेला भात सकाळी फोडणीला पडतो. फरशी पुसायला दांड्याचा पोछा आला आणि तेही काम जेवणाआधी उरकतं. सुरुवातीला आई जेवून झाल्यावरही दहाला उठून उभी राहायची, आप्पांच्या ताटाभोवती घोटाळायची. आता ती समोर खुर्चीवर बसते आणि दोघं बोलतात. एवढ्या वर्षांत त्यांना रात्री असं निवांत बोलायला मिळत नव्हतं, हे मला वहिनीनं फोनवर सांगितलं.

खाटेचं कामही सोपं नव्हतं. डोक्याखाली दोन-तीन उशा घेतल्या की माणूस कमरेत मोडतो, पोट दाबलं जातं आणि उलट त्रास वाढतो. उचलायची ती खाटेची डोक्याकडची अख्खी बाजू, सहा ते आठ इंच. दादानं सुताराकडून सागवानी ठोकळे करून आणले, मधे खाच पाडलेले, म्हणजे लोखंडी कॉटचा पाय त्यात बसेल आणि घसरणार नाही. पहिले काही दिवस आई रात्रीतून खाली सरकायची आणि सकाळी पाय बाहेर लोंबकळत असायचे. मग पायथ्याशी एक लोड लावला, त्याला तळवे टेकतात. आणि झोपायचं डाव्या कुशीवर. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो, त्यामुळे डाव्या कुशीवर आम्ल त्या पिशवीत खाली राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड वर. उजव्या कुशीवर याच्या नेमकं उलट. झोपेत अन्ननलिकेतलं आम्ल मोजून केलेल्या अभ्यासांतही डाव्या कुशीवर ते लवकर खाली उतरताना दिसलं आहे. आपल्याकडे जेवणानंतरच्या पडण्याला वामकुक्षी म्हणतात, वाम म्हणजे डावी, म्हणजे हे शहाणपण नावातच होतं. शतपावलीचंही तसंच. आई आता वहिनीबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. वामकुक्षी मात्र आपण लगेच घ्यायला लागलो आणि शतपावली सोडून दिली. रिफ्लक्सच्या, म्हणजे आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्या, माणसानं शतपावली ठेवावी आणि दुपारचं पडणंही जरा उशिरानं करावं.

खाण्यातलं फारसं काही डॉक्टरबाईंनी बंद केलं नाही. ज्यानं त्रास होतो ते ओळखा आणि तेवढंच कमी करा, असं सांगितलं. सगळ्यांसाठी एकच बंदी यादी त्यांना मान्य नव्हती. आईला खर्डा चालतो, कच्चा कांदा रात्री चालत नाही, पहाटेचा उपाशीपोटीचा चहा अजिबात चालत नाही. चहा सोडणं तिला सगळ्यात जड गेलं. आता ती आधी गोळी (चालू असेल तेव्हा), मग पाण्याचा तांब्या भरणं, देवपूजा आणि त्यानंतर खाऊन मग चहा असं करते.

आठ आठवडे झाल्यावर गोळी एकदम तोडली नाही. पंप इतके दिवस दाबून ठेवले की औषध बंद झाल्यावर जठर काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडतं. 'बघा, गोळीशिवाय चालतच नाही' असं वाटून लोक पुन्हा सुरू करतात, ते त्यामुळेच. म्हणून आधी ४० ची २० केली, मग दिवसाआड, मग गरजेपुरती. ज्यांना खरंच गरज आहे, चरे मोठे आहेत किंवा अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं आहे, त्यांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि त्यांनी ती भीतीनं सोडू नये. पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं बी१२ आणि मॅग्नेशियमवर डॉक्टरांकडून लक्ष ठेवून घ्यावं. आई आता लग्नसराईत, गौरी-गणपतीत, पाहुण्यांच्या गर्दीत गोळी घेते, एरवी नाही.

राहिली संकष्टी. तो तिचा लग्नाआधीपासूनचा उपास, तो सुटणार नव्हता आणि तिनं तो सोडावा असं मलाही वाटत नव्हतं. पण चंद्रोदय कधी साडेआठला, कधी जवळजवळ दहाला. दिवसभर साबुदाणा-शेंगदाण्यावर राहिलेलं पोट, त्यावर रात्री उशिरा मोदक, पुरी, वरण-भात असं साग्रसंगीत ताट आणि लगेच झोप. जळजळीच्या तिच्या सगळ्यात वाईट रात्री या संकष्टीच्या असायच्या. आता संध्याकाळी सातला ती वरीचे तांदूळ आणि ताक घेते, तेही उपासाचंच. चंद्रोदय झाला की नैवेद्य दाखवून एक मोदक आणि दोन घास वरण-भातावर उपास सोडते, आणि पुढं बराच वेळ बसून असते. पुऱ्या दुसऱ्या दिवशी दुपारी होतात. गुरुजींना विचारून घेतलं, ते म्हणाले, देवाला भाव पुरतो.

या महिन्यापासून वहिनीही सातच्या वरीच्या तांदळाला तिच्याबरोबर बसते. पुढच्या आठवड्यात तिला त्याच डॉक्टरबाईंकडे दाखवायचं आहे, आणि तिचा आधी ईसीजी काढून घ्यायचा हे आईनं आम्हाला कुणाला न विचारताच ठरवून टाकलं आहे.